फ्लॉरेन्सला कोल्हापूरच्या महाराजांची छत्री बघून आलो (आणि आळणी पावाची गोष्ट)

रंकाळाकाठ | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मागे इथेच विचारलं होतं की वडलांना घेऊन इटलीला जायचंय, काय बघू काय नको. तुम्ही भरभरून सल्ले दिलेत, त्यातले निम्मे पाळले, निम्मे नाही पाळले आणि न पाळलेल्यांचे चटके पण बसले, ते पुढे सांगतोच. पण आधी ज्याच्यासाठी गेलो होतो ते.

बाबा ७१ वर्षांचे, हायस्कूलवर इतिहास शिकवून रिटायर झालेले. त्यांना व्हेनिसची होडी नको होती, पिसाचा मनोरा नको होता, धोशा एकच, "फ्लॉरेन्सला आपल्या महाराजांची छत्री आहे ती दाखव, बाकी तुझं तू ठरव."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कोल्हापूरच्या गादीवर राजाराम नावाचे एक महाराज होऊन गेले. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम ते हे नव्हेत, आणि शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम ते पण नव्हेत, हे मधले. मूळचे पाटणकर घराण्यातले, दत्तक आले, १८६६ ला गादीवर बसले आणि १८७० मध्ये विसाव्या वर्षी विलायतेला निघाले. त्या काळात समुद्र ओलांडायचा म्हणजे केवढी भानगड होती ते सांगायला नको. लंडनला राहिले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोज इंग्रजीत डायरी लिहिली. बरोबर कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याने ती डायरी पुढे १८७२ मध्ये छापली. परतीच्या वाटेवर तब्येत बिघडली, फ्लॉरेन्सपर्यंत कसेबसे आले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथल्याच हॉटेलात वारले. घर गाठायला अजून अख्खा समुद्र बाकी होता.

आता खरी अडचण. सगळं गाव कॅथलिक, मेलेल्याला पुरायचं एवढंच ठाऊक. दहन कोण करू देणार? इटलीत नव्या पद्धतीचं पहिलं दहनगृह मिलानला निघालं ते १८७६ मध्ये, म्हणजे हे त्याच्या सहा वर्षं आधीचं. बरोबरच्या माणसांनी खटपट करून नगरपालिकेची खास परवानगी काढली आणि गावाबाहेर आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते तिथे, म्हणजे चक्क संगमावर, १ डिसेंबरच्या पहाटे चिता रचली. बाबांना हा तपशील तोंडपाठ आहे पण प्रत्येक वेळी सांगताना संगमापाशी थांबतातच. म्हणतात, "परक्या मुलखात पण त्यांनी संगम हुडकला बघ."

ती जागा म्हणजे काशिने पार्कचं पार टोक. आर्नोच्या काठाने साडेतीन किलोमीटर लांब पसरलेलं पार्क आहे. स्टेशनजवळून टी-१ ट्रॅम पकडली की काशिने नावाचा स्टॉप येतो, तिथे उतरलो आणि मग कळलं की स्टॉप पार्काच्या अलीकडच्या टोकाला आणि छत्री पलीकडच्या टोकाला. गूगलने पाऊण तास दाखवला. सायकल घेतली असती तर बरं झालं असतं, पण बाबा आणि सायकल नको, म्हणून चालत गेलो. मोठमोठी झाडं, पळणारी माणसं, बाबागाडीवाल्या आया, आणि बाबांचं दर पाच मिनिटांनी "अजून किती रे".

छत्री म्हणजे शब्दशः छत्री, आपल्याकडे घाटावर असते तशी, खांबांवर घुमट, खाली महाराजांचा अर्धपुतळा. सभोवती लोखंडी कुंपण. पुतळा नुसता पांढरा संगमरवर नाही, रंगवलेला आहे, डोक्यावर पागोटं, गळ्यात दागिने, चेहरा सावळा. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहे. बाबांनी कुंपणापाशी बूट काढले (मोज्यांसकट, थंडी होती तरी), दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "पोरसवदा आहे रे." बास, एवढंच. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून कुंपणाच्या आत थोडं पाणी सोडलं. ते पाणी आदल्या रात्री हॉटेलच्या नळाचं भरलेलं होतं, मी काही बोललो नाही.

तेवढ्यात एक पळायला आलेला म्हातारा थांबला, आमच्याकडे बघून हसून म्हणाला, "इंडियानो?" बाबांनी मान हलवली, "नो नो. कोल्हापुरियानो." त्याला काय कळलं देव जाणे पण त्याने हात मिळवला.

गंमत अशी की तिथल्या लोकांना महाराजांचं नाव माहीत नाही पण "इंडियानो" सगळ्यांना माहीत. शेजारून जो मोठा केबलचा पूल जातो, १९७८ मध्ये झालेला, त्याचं नावच पोंते आल्लिंडियानो. तिथली जुनी इमारत पालात्सीना देल्लिंडियानो. म्हणजे "ट्रॅफिक कुठे तुंबलाय तर इंडियानोवर" असं रोज म्हणत असतील ते. दीडशे वर्षांपूर्वी गेलेलं आपलं पोरगं तिथे रस्त्याचा पत्ता होऊन बसलंय.

खाण्याचं उद्या लिहितो, जेवायला बोलावतायत. फक्त एक सांगून ठेवतो, पहिल्याच दिवशी हॉटेलात पाव तोडून तोंडात टाकल्याबरोबर बाबा म्हणाले, "मीठ विसरला रे आचारी." विसरला नव्हता.

---

चिंचगुळाची_आमटी | रविवार, ११:०५

काय सुंदर लिहिलंय! पाणी सोडलं ते वाचून भरून आलं आणि पुढच्याच वाक्याला हसू. बाबांना नमस्कार सांगा. दोनदा फ्लॉरेन्सला जाऊन आलेय, दोन्ही वेळा टूर कंपनीबरोबर, ह्यातलं एक अक्षर गाईडने सांगितलं नाही. डेव्हिडचा पुतळा, कॅथेड्रलचा घुमट, जुना पूल, लेदरचं दुकान (तिथे मात्र पाऊण तास), चला बसमध्ये.

---

नेमके_बोला | रविवार, ११:३२

लेख छान. दोन पुरवण्या.

१) छत्री उभी राहिली ती १८७४ मध्ये. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, म्हणजे ज्याने पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेस आखला तोच. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, तो फ्लॉरेन्सलाच राहत असे. त्यामुळे "आपल्याकडच्यासारखी छत्री" हे बरोबर, पण ती इंग्रजाच्या डोक्यातून उतरलेली आपल्याकडची छत्री आहे हे ध्यानात ठेवावं.

२) १८७० मध्ये फ्लॉरेन्स हे नुसतं कलेचं गाव नव्हतं, इटलीची राजधानी होती. १८६५ ते १८७१. रोम इटलीच्या ताब्यात आलं ते सप्टेंबर १८७० मध्ये, महाराज वारले त्याच्या जेमतेम दोन महिने आधी. राजधानी असल्यामुळे परदेशी वकिलाती, मंत्री, संत्री सगळे तिथे होते. दहनाची परवानगी एका रात्रीत हलली त्याला हेही कारण असावं, हे मात्र माझं मत. आडगावात हे घडतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

---

रंकाळाकाठ | रविवार, ११:५०

@नेमके_बोला धन्यवाद, मँटचं बाबांना माहीत होतं, मला नव्हतं. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले "ह्याला शंभरपैकी ब्याण्णव". आठ कशाचे कापले विचारलं तर म्हणाले अक्षर बघितलं नाही अजून.

---

मांडवीकाठी | सोमवार, सकाळी ७:१५

देव बरे करू. कोल्हापूरचा माणूस फ्लॉरेन्सात गेला हे सांगितलंत, आता फ्लॉरेन्सचा माणूस गोव्यात गेला त्याची गोष्ट ऐका, म्हणजे हिशेब फिटला.

फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी, १५४० चा जन्म. धंदा करायला पोर्तुगालमार्गे १५८३ ला कोचीनला उतरला, मिरी खरेदी करायची हे काम. पण गडी नुसता मिऱ्या मोजणारा नव्हता. इथली झाडं, वारे, औषधं, लोकांच्या चालीरीती सगळं पत्रांतून घरी लिहायचा. त्यातच त्याने लिहून ठेवलं की इथल्या पंडितांची जी जुनी भाषा आहे, म्हणजे संस्कृत, तिच्यात आणि आमच्या भाषेत बरेच शब्द सारखे आहेत. देव म्हणजे दिओ, सर्प म्हणजे सेर्पे, सप्त म्हणजे सेत्ते, अष्ट म्हणजे ओत्तो, नव म्हणजे नोवे. संस्कृत आणि युरोपच्या भाषा एकाच मुळाच्या असं विल्यम जोन्सने ज्या प्रसिद्ध भाषणात सांगितलं, त्याच्या हे दोनशे वर्षं आधी बरं का, जोन्सचं १७८६ चं. पण पत्रं घरच्यांना लिहिलेली, त्यामुळे गाजावाजा नाही. १५८८ ला गोव्यातच वारला.

अजून एक. जुन्या गोव्याला बॉम जेझू चर्चला जाता ना तुम्ही सगळे, सांत फ्रान्सिस्क शाव्हियेरची (सेंट झेवियरची) चांदीची पेटी बघता (ती गोव्याच्या सोनारांनी घडवलेली, १६३७ ची), तिच्या खालचा जो रंगीत दगडाचा उंच चौथरा आहे तो सगळा फ्लॉरेन्सचा. तोस्कानाचा (फ्लॉरेन्स ज्यात येतं तो प्रांत) ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची ह्याने पाठवला, फोज्जिनी नावाच्या त्याच्या शिल्पकाराने केलेला. सुटे भाग पेट्यांतून जहाजाने आले आणि १६९८ मध्ये इथे जोडले. ब्राँझच्या चार पट्ट्या आहेत त्याच्यावर, पुढच्या वेळी वर पेटीकडे बघून हात जोडून झालं की जरा खाली पण बघा. आमच्या घरचे पाहुणे कधी बघत नाहीत, त्यांना बीचवर जायची घाई.

---

सायीचं_दही | सोमवार, दुपारी १:२०

मी इटलीतच, बोलोन्यात राहते, सहावं वर्ष, त्यामुळे खाण्याच्या विषयात बोलायचा हक्क आहे असं समजते :)

रंकाळाकाठ, बाबांचा आचारी मीठ विसरला नव्हता. तोस्कानाचा पाव मुळातच आळणी. त्याला म्हणतातच पाने शोक्को. शोक्को म्हणजे एरवी इटालियनमध्ये बावळट, तोस्कानात मात्र आळणी. म्हणजे नीट विचार केलात तर मराठीसारखंच, आपल्याकडेही मीठ नसलेला माणूस असतो. असं का, तर तिथे दहा जण दहा गोष्टी सांगतात, पिसावाल्यांनी मिठाची वाट अडवली, मिठावर कर होता, वगैरे. मला पटणारं कारण साधं आहे, बरोबर जे खातात ते सगळं खारट. प्रोशुत्तो (सुकवलेलं डुकराचं मांस) खारट, पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज) खारट, सलामी खारट. आपण भाकरीत कुठे मीठ घालतो हो फार? ठेचा असतोच.

कवी दान्तेला १३०२ मध्ये फ्लॉरेन्समधून हद्दपार केलं, तो मेला तरी परत आला नाही. त्याने लिहून ठेवलंय की दुसऱ्याच्या घरचा पाव किती खारट लागतो हे तुला कळेल. ही ओळ आम्हाला भाषेच्या क्लासमध्ये शिकवली तेव्हा मास्तरणीने दुःख, अपमान असं बरंच समजावलं आणि शेवटी म्हणाली, शिवाय बाहेरचा पाव खरंच खारट असतो.

हा पाव दुसऱ्या दिवशी विटेसारखा होतो आणि मग खरी मजा सुरू होते, कारण तोस्कानाचं निम्मं जेवण शिळ्या पावाचं आहे. रिबोल्लिता म्हणजे "पुन्हा उकळलेली". पांढरे वाल म्हणा किंवा घेवडा म्हणा, काळपट लांब पानांचा कोबी, गाजर, कांदा आणि शिळा पाव, आज शिजवायचं आणि उद्या परत उकळून खायचं, चमचा उभा राहिला पाहिजे. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवून गचका केलेला पाव. उन्हाळ्यात पांत्सानेल्ला, पाव भिजवून पिळून कुस्करायचा, त्यात कांदा, टोमॅटो, काकडी, तुळस (त्यांची), व्हिनेगर, तेल. आपली आई शिळी पोळी कुस्करून फोडणी देते त्याच जातीचं घरगुती डोकं. पाहुण्यांसमोर आपण फोडणीची पोळी ठेवत नाही, ह्यांनी पंधरा युरोला मेनूवर ठेवलीये एवढाच फरक.

आणि टोमॅटो पण तिथे जुना नाही बरं का. मेदिचींच्या कारभाऱ्याने १५४८ मध्ये पिसाहून पत्र लिहिलं की मळ्यातून टोमॅटोची टोपली आली, बघितली. खाल्ली नाही, बघितली. बटाटा टोमॅटो मिरची तिघं पण अमेरिकेची, आपल्याकडे आणि त्यांच्याकडे पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन बसले.

---

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

@सायीचं_दही तुम्ही आधी का नाही भेटलात! आम्हाला रिबोल्लिता योगायोगाने मिळाली. सांताम्ब्रोजो मंडईजवळ एक छोटी खानावळ, आजीबाई वाढत होत्या. बाबांनी एक घास घेतला, विचार केला, मग खिशातून (खिशातून!) कांदा-लसूण मसाल्याची डबी काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजीबाई आल्या, डबीचा वास घेतला, बोटावर घेऊन चाखला, आणि आतून नवऱ्याला बोलावून आणलं. त्याने चाखला, त्याच्या डोळ्यांत पाणी. मग तिने तेलाची बाटली आणून ठेवली आणि खुणेने सांगितलं की ह्याच्यावर हे पण घाला. हिरवंगार कडवट ऑलिव्ह तेल. बाबा म्हणाले, "मसाल्यावर तेल, बाईला कळतंय." डबी तिथेच देऊन आले. उरलेले पाच दिवस मला रोज ऐकवलं की डबी एकच का आणली.

तांबडा, पांढरा माहीत होता, आता आळणी पाव पण आला कोल्हापूरच्या घरात. इथल्या बेकरीवाल्याला विचारून बघितलं, म्हणाला साहेब मीठ न घालता पाव केला तर गिऱ्हाईक मारंल.

आता चटके. एक, आम्ही उफित्सी (तिथलं चित्रांचं मोठं संग्रहालय) सोमवारी ठेवली होती. सोमवारी बंद असते. अकादेमिया पण, जिथे डेव्हिड आहे. दोन्ही गेटांवर जाऊन परत आलो. हे इथे तीन जणांनी लिहिलं होतं, मी वाचलं पण होतं. दोन, लुक्काला जायचं म्हणून लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलं आणि प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात त्याच्यावर शिक्का मारून घ्यायचा राहिला. तिकीट खिशात असून दंड. चूक आमचीच, पण बाबांचं म्हणणं की "तिकीट काढलंय म्हणजे चोर नाही, मग दंड कसला". टीसीशी मराठीत वाद घातला दहा मिनिटं. टीसी इटालियनमध्ये. दोघांचाही आवाज सारखाच, हातवारे सारखेच, मी मध्ये पैसे देऊन मोकळा झालो. मोबाईलवरच्या तिकिटाला शिक्का लागत नाही, तेच काढा, फक्त ऑनलाइन चेक-इन लागतं का तेवढं काढताना बघा.

तीन, बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लावतात, टेबलावर बसल्याचे. फसवणूक नाही, मेनूच्या तळाशी छापलेलं असतं. कॉफी उभ्याने काउंटरवर प्यायली की सव्वा-दीड युरो, तीच चौकात खुर्चीवर बसून चार-पाच. बाबा तीन दिवसांत उभ्याने कॉफी मारून बाहेर पडायला शिकले, म्हणाले आपल्या शिवाजी पेठेतला कटिंगच आहे हा.

---

निघालो_बुवा | मंगळवार, सकाळी ८:३०

मस्त धागा. आम्ही चौघं (मी, बायको, सासू-सासरे) पुढच्या महिन्यात जातोय, फ्लॉरेन्सला पूर्ण दोनच दिवस आहेत, मग भाड्याची गाडी घेऊन सिएना वगैरे. स्पष्ट विचारतो, राग मानू नका, दोन दिवसांत अर्धा दिवस त्या छत्रीला घालवणं परवडतं का? उफित्सी, घुमट, डेव्हिड, पूल एवढ्यातच दोन दिवस जातील. आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, काय खायचं?

---

सायीचं_दही | मंगळवार, दुपारी १२:५०

शाकाहाराचं मी सांगते. रिबोल्लिता, पाप्पा अल पोमोदोरो, पास्ता पोमोदोरो, पिझ्झा मार्गेरिता, ह्यात उपाशी राहत नाही कोणी. पण सूप मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारा, "सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने" एवढं पाठ करा. पार्मेझान चीज जनावराच्या रेनेटने (दूध गोठवायला पोटातून काढतात ते) लावलेलं असतं, फार कडक असाल तर "सेन्त्सा फोर्माज्जो". पिसा-लिवोर्नोकडे गेलात तर चेचीना खा, हरभऱ्याच्या पिठाचं मोठ्या तव्यात भट्टीत भाजलेलं धिरडं, वर मिरपूड. सासूबाई म्हणतील हे तर माझंच.

आणि हातगाड्यांवर लांप्रेदोत्तो लिहिलं असेल तिथे लांबूनच जा. गाईच्या चौथ्या पोटाची वजडी, उकळून पावात घालून हिरव्या चटणीबरोबर देतात. तिथल्या लोकांचा जीव की प्राण, सकाळी दहाला कोटवाले साहेब आणि गवंडी एकाच गाडीवर उभे राहून खातात. घमघमाट एकदम चटणीचा येतो आणि माणूस फसतो, आमच्या ओळखीतल्या एका जोशीकाकांनी "ग्रीन चटणी सँडविच" समजून निम्मं खाल्लं होतं. त्यांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

गाडी घेताय तर गावात घालू नका. झेडटीएल म्हणून पाटी असते, तिथे परवानगीशिवाय शिरलं की कॅमेरा नंबर टिपतो आणि तुम्ही घरी येऊन विसरल्यावर दंडाचा कागद येतो.

---

नेमके_बोला | मंगळवार, दुपारी २:१५

@निघालो_बुवा घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. सासू-सासऱ्यांचे गुडघे विचारून तिकीट काढा. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४, तिथेही लिफ्ट नाही. खालून बघायला फुकट आहे आणि माझ्या मते खालूनच तो जास्त कळतो. ब्रुनेल्लेस्कीने लाकडी कमान खालून न उभारता एवढा घुमट १४३६ मध्ये पुरा केला, विटा एकमेकींना धरून ठेवतील अशा तिरप्या रांगांत रचून.

---

खंबाटकी | मंगळवार, रात्री १०:२०

छत्रीला अर्धा दिवस परवडतो का ह्या प्रश्नावर माझे दोन पैसे. आम्ही सातारा जिल्ह्यातले, घरटी एक फौजेत. माझे पणजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. आजी सांगायची, ते तिथून आल्यावर शेवयांना "इटालीची भाजी" म्हणायचे आणि ह्यापलीकडे लढाईचं एक अक्षर कधी बोलले नाहीत.

तर फ्लॉरेन्सचा आणि मराठ्यांचा दुसरा संबंध. १९४४ च्या जुलैच्या शेवटी ८ वी भारतीय डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या दिशेने येत होती. लढाईतून वाचावीत म्हणून उफित्सीतली चित्रं गावाबाहेरच्या वाड्यांत हलवली होती, त्यातला एक माँतेगुफोनीचा किल्लेवजा वाडा. तिथे आपले मराठा जवान पोचले तेव्हा आत भिंतीला टेकवलेली चित्रं, त्यात बोत्तिचेल्लीचं ते वसंत ऋतूचं प्रसिद्ध चित्र, जे बघायला आता तुम्ही पंचवीस युरो देऊन रांगेत उभे राहता. जवळच तोफा चालू आणि दारावर पहारा आपल्या पोरांचा. आपली फौज गावात शिरायच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीला, जर्मनांनी आर्नोवरचे सगळे पूल उडवले, पोंते वेक्क्यो तेवढा ठेवला. त्याच्या दोन्ही बाजूंची घरं मात्र पाडली, म्हणून त्या पुलाच्या तोंडाशी इमारती नव्या दिसतात.

इटलीत लढलेल्या आपल्या मराठा जवानांची आणखी दोन नावं. एक नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. बरोबरचे सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले, शेवटी बंदुकीचा दस्ता वापरला, तिथेच गोळी लागली. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वांत मोठा सन्मान. कबर नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. उंब्रियात मोंतोने म्हणून गाव आहे, तिथे २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक केलंय, सूर्यघड्याळ. दुसरे नामदेव जाधव, संगमनेरजवळच्या निमजचे, ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर. ते क्रॉस घेऊन घरी आले.

आणि फोर्लीला भारतीय सैन्याचं जे कब्रस्तान आहे तिथे दहनाचं वेगळं स्मारक आहे, ज्यांना अग्नी दिला त्यांची नावं. १८७० मध्ये एकट्या महाराजांसाठी परवानगी काढावी लागली होती. पंचाहत्तर वर्षांत शेकड्यांनी चिता पेटल्या तिथे, परवानगी कोणी विचारली असेल असं वाटत नाही.

---

रंकाळाकाठ | मंगळवार, रात्री ११:४५

@खंबाटकी हे बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी फोर्ली." पुढच्या वेळी! दंडाचा चटका अजून गेला नाही.

---

चिंचगुळाची_आमटी | बुधवार, सकाळी ९:००

पणजोबांची "इटालीची भाजी" 😄 आमच्याकडे हे आजपासून रूढ.

---

निघालो_बुवा | (महिन्याभराने) शनिवार, रात्री ९:३०

परत आलो, वृत्तांत द्यायचा राहिला होता. छत्रीला गेलो नाही, आधीच कबूल करतो. उफित्सीत चार तास गेले, वसंताच्या चित्रासमोर सासऱ्यांना मराठा जवानांची गोष्ट सांगितली (इथूनच ढापलेली), ते इतक्या मोठ्याने "काय सांगतोस" म्हणाले की पहारेकरी आला. सासूबाई रिबोल्लितावर खूश, दोन्ही दिवस तीच. सासऱ्यांनी वरून शेव घातली, खिशातूनच. हा सगळ्या सासऱ्यांचा रोग आहे वाटतं. सोमवार टाळला, मोबाईलवर तिकिटं, झेडटीएलमध्ये शिरलो नाही, म्हणजे शिरलो नसावं, कागद यायचा असेल तर अजून यायचाय.

शेवटच्या दिवशी सिएनाहून गाडी परत करायला थेट विमानतळाकडे निघालो, उशीर झालेला, बायको नकाशा बघतेय, मी शिव्या देतोय, आणि एका वळणावर भली मोठी पाटी आली, पुलाचं नाव. इंडियानो. सासरे मागून ओरडले, "अरे हेच ते!" गाडी थांबवायला जागा नाही, मागे ट्रक. पुलावरून जाताना डावीकडे बघू का उजवीकडे तेच कळेना, खाली नुसती झाडी आणि नदी. सासूबाईंनी दोन्ही बाजूंना एकेकदा हात जोडले.

@रंकाळाकाठ, बाबांना विचारून सांगाल का, सिएनाकडून विमानतळाकडे जाताना छत्री नक्की कुठल्या हाताला येते?

---

रंकाळाकाठ | शनिवार, रात्री १०:०५

उजव्या. बाबा म्हणतायत निम्मे मार्क.